पांढऱ्या बांगड्या

"हात सैल सोड, बाई. मी काय तोडून नेत न्हाई."

दुकानाची पायरी चढलेल्या प्रत्येक बाईला चाची हे वाक्य ऐकवायची. मग तिचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घ्यायची, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबायची, बोटं एकमेकांवर चढवायची आणि बाई सासूचं गाऱ्हाणं सांगण्यात रंगली की तेवढ्या वेळात डझनभर बांगड्या मनगटावर जाऊन बसलेल्या असायच्या. बांगडीचं माप तिनं कधी कुणाला विचारलं नाही. हात हातात आला की तिला ते कळायचं.

पाथर्डीच्या बाजारपेठेत तिचं बांगड्यांचं दुकान आणि माझं ब्लाऊज शिवायचं दुकान शेजारीशेजारी. मध्ये पत्र्याची भिंत. भिंत आपली नावाला; तिकडं कुणी नाक शिंकरलं तरी इकडं माझी मशीन थांबायची. त्यामुळे गावातल्या निम्म्या घरांची भांडणं मला तोंडपाठ आहेत. ती मी इथे सांगणार नाही, घाबरू नका. मला फक्त चाचीबद्दल सांगायचं आहे, आणि तेही शांतपणे सांगता येईल असं वाटत नाही.

ती मणियाराच्या घरातली. नवरा तरुणपणीच गेलेला, मुलगा पुण्यात कुणाची तरी गाडी चालवायचा. लहानथोर सगळ्या तिला चाची म्हणत, अगदी तिच्याहून वयानं मोठ्या बायासुद्धा. खरं नाव मला माहीत आहे, पण ते लिहिलं तर आमच्याच गावातले लोक विचारतील, ही कोण? म्हणून चाचीच.

बांगडीवाल्यांचा एक नियम असतो. तुमच्या लक्षात आला असेल किंवा नसेल. एकदा एखाद्या हातातून उतरलेली बांगडी ते दुसऱ्या हातात भरत नाहीत. कितीही नवी असो, कितीही महाग असो. बाई म्हातारी होऊन गेली तरी तिच्या हातातल्या बांगड्या तिच्याबरोबरच वाढवायच्या. त्या पुन्हा बाजारात यायच्या नाहीत. एकदा एका ठेकेदाराची बायको लग्नात एक दिवस मिरवून आणलेल्या बांगड्या बदलून मागायला आली. "नव्याच हायेत की, बघा ना," म्हणाली. चाचीनं मुकाट्यानं बदलून दिल्या. बाई रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी झाली तशी तिनं त्या परत आलेल्या बांगड्या पायरीच्या दगडावर एकेक करून वाढवल्या आणि केरसुणीनं गोळा केल्या. मी म्हटलं, "चाची, कुणाला कळलं असतं?" ती म्हणाली, "मला कळलं असतं की."

याच नियमातून तिला एक सवय लागलेली. कुणाच्या बोटात अंगठी दिसो, गळ्यात ताईत दिसो, तिला तो हातात घेऊन उलटासुलटा करायचा असे. "कुनाच्या अंगावरचं हाय हे?" विचारायची. जुनी मोड असेल तर बाई लाजायची. नवीन असेल तर उगाच दुकानाचं नाव सांगायची. मी तिला चिडवायचे, की चाची, तू पोलीस खात्यात जायला हवी होतीस. ती म्हणायची, "त्यांना पावत्या लागत्यात. मला नुसतं तोंडी सांगितलं तरी चालतं."

दसरा उलटला की आमच्या भागातली गावं रिकामी होतात. ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला निघतात, बायका आणि तान्ही पोरंही बरोबर. निघण्याच्या आधी त्या बाया बाजाराला येत. स्वतःला काचेच्या बांगड्या आणि पोराला काळ्या मण्यांच्या मनगट्या, ही त्यांची ठरलेली खरेदी. पण अलीकडे त्यांच्यात एक नवीन खूळ शिरलं होतं. रस्त्यापलीकडच्या एका सराफानं काचेवर पाटी लावली होती: अस्सल हत्तीच्या केसाच्या अंगठ्या मिळतील. पोराच्या बोटात ती घातली की फडात, पाचटाच्या कोपीत पोर दचकत नाही, दृष्ट लागत नाही, असं कुणीतरी पसरवलेलं. बाया चाचीला विचारायच्या, तुमच्याकडं हाय का?

"हत्तीच्या शेपटीला असे किती केस असत्यात गं?" चाची विचारायची.

"असतील की लई."

"एवढे सगळे केस बुडाला असून त्याला गोळी लागली. त्याचं सोताचं काय वाचलं न्हाई. तुझ्या पोराचं एका केसानं काय वाचनार हाय?"

बाया हसायच्या आणि मनगट्या घ्यायच्या. काही जणी मात्र हसून रस्ता ओलांडायच्या. त्यांचा मला राग येत नाही. तीन दगडांच्या चुलीपाशी, उघड्यावर पोराला झोपवणाऱ्या आईला कुणी भीतीवर औषध विकलं तर ती ते घेणारच. मला राग येतो त्या पंख्याखाली बसलेल्या सराफाचा. शिकलेला माणूस, कपाळाला गंध, दुकानात लक्ष्मीचा फोटो आणि ड्रॉवरमध्ये शेपटीचे केस. जिवंत हत्तीच्या शेपटीला हात घालून केस उपटायची कुणाची छाती आहे, एवढंही त्याला सुचत नव्हतं, असं मी मुळीच मानत नाही.

लग्नसराई तोंडावर आली आणि एक माणूस पिशवी घेऊन चाचीच्या दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. मी पत्र्याच्या अलीकडे काज करत होते. त्यानं पिशवीतून आधी केसांची कडी काढली, मग एक लाल मखमलीची डबी. डबीत दोन पांढऱ्या बांगड्या, वर बारीक वेलीचं कोरीव काम. म्हणाला, अस्सल हस्तिदंत. मोठ्या घरांत आता हाच चुडा चालतो. तुम्ही नुसतं गिऱ्हाईक दाखवा, बाकी मी बघतो.

"कुनाच्या अंगावरचं हाय हे?" चाची.

"गळून पडलेला दात असतो, चाची. हरणाची शिंगं पडतात ना, तसा."

आता गंमत अशी की, चाचीला हत्तीबद्दल काडीचीही माहिती नव्हती. तिनं हत्ती पाहिला होता तो फक्त ट्रकच्या मागं रंगवलेला. हत्तीला माणसासारखे दुधाचे दात येतात आणि पडतात, हे तिला पटूनही गेलं असतं. ती जरा विचारात पडली. तो माणूस तेवढ्यावर थांबला असता तर कदाचित निभावला असता. पण गोड बोलणाऱ्यांना थांबता येत नाही. तो म्हणाला, "हा तर देवस्थानचा हत्ती. म्हातारा होऊन मेला. पवित्रच समजा."

"आत्ता म्हनालास गळून पडला."

तो हसला.

"मयताचं लेनं माझ्या दुकानात चालत न्हाई. ऊठ."

तो उठला. पण बाहेर जाताना म्हणाला, तुम्ही नाही तर दुसरं कुणी घेईल. आणि खरंच घेतलं.

आमच्याच गल्लीत एक एसटीचे ड्रायव्हर राहायचे. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांना दोन मुली. थोरलीचं लग्न ठरलं ते तालेवार घरात. मुलाचा मामा मोठा ठेकेदार, चार पुढाऱ्यांत ऊठबस. चुडा भरायला अर्थातच चाची. आमच्याकडे चुडा भरणाऱ्या बाईला मान असतो. नवरी तिच्या पाया पडते, तिला शिधा आणि नारळ देतात. चाची त्या दिवशी धुवट पांढरी ओढणी घेऊन, कापडी पिशवीत हिरव्या बांगड्या भरून गेली. मीही होते, कारण नवरीचं ब्लाऊज बाहीत घट्ट झालं होतं आणि ते जागेवर उसवायचं होतं.

मांडवात बायका दाटीवाटीनं बसलेल्या. चाचीनं नवरीचा हात घेतला, नेहमीचं वाक्य म्हणाली, नवरी हसली, आणि हिरव्या बांगड्या भरूनही झाल्या. मग मुलाची मामी पुढं सरकली. तिनं पदराखालून लाल मखमलीची डबी काढली.

"ह्या पन भरा. आमच्याकडून हायेत. राजेरजवाड्यांच्या घरात असत्यात तसल्या."

चाचीनं डबी उघडली. मी लांबूनच ओळखली. तीच वेल, तोच पांढरा रंग. चाचीनं झाकण लावलं आणि डबी मामीच्या मांडीवर परत ठेवली.

"ह्या मी न्हाई भरनार."

"काय झालं?"

"मयताच्या अंगावरनं काढलेल्या हायेत."

मामीचा चेहरा लालबुंद. "मयत कुठलं? जनावर हाय ते."

"जनावर मेलं म्हंजी काय हुतं मंग? त्याला दुसरं काय म्हनायचं?"

कुणीतरी भाऊंना बोलावलं. बिचारा माणूस मुंडावळ्यांच्या गडबडीतून धावत आला आणि त्यानं सगळ्यांसमोर हात जोडले. "चाची, वरपक्षाचा मान हाय. पोरीचं लगीन हाय. आजच्या दिवस पोटात घाला."

मला वाटलं, आता ही विरघळणार. भाऊंशी तिचा घरोबा. या मुलीचं बारसं झालं तेव्हा पहिल्या मनगट्या हिनंच बांधलेल्या. चाचीच्या डोळ्यांत पाणी आलं, मी पाहिलं. पण ती म्हणाली, "भाऊ, तुमची पोरगी ती माझी पोरगी. म्हनून तर न्हाई भरत. दुसरी असती तरी न्हाई भरल्या असत्या, पन हिला तर न्हाईच." तिनं पिशवी उचलली. शिधा आणि नारळ तिथंच ताटात राहिला. नवरी पाया पडायला वाकली होती, तिला मामीनं दंडाला धरून मागं ओढलं. मग साबणाचा फेस लावून मामीनंच त्या पांढऱ्या बांगड्या पोरीच्या हातात कोंबल्या. पोरीची त्वचा खरचटली. एकाही बाईनं तोंड उघडलं नाही. तेव्हा मी त्यांच्यापैकी प्रत्येकीच्या तोंडाकडे पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाची माझ्या दुकानात आली. "चल माझ्यासंगं. जंगल खात्याच्या हापिसात जायचंय." मी शटर ओढलं.

तिथं बाकावर आपल्या कामासाठी आलेला एक गृहस्थ बसला होता. आमचं बोलणं ऐकून तो हसायला लागला. "आजी, आपल्याकडं हत्ती हायेत कुठं? इथं बिबट्या बघायची मारामार. हत्ती तिकडं, लांब."

"हत्ती तिकडं हाय," चाची म्हणाली, "गिऱ्हाईक हितं हाय. त्यानं गोळी कुनासाठी मारली? तिकडच्यांसाठी व्हय?"

गृहस्थ वर्तमानपत्रात शिरला. वनरक्षक मुलगी होती, अकोले तालुक्यातल्या डोंगराकडची. तिनं मात्र आम्हाला खुर्ची दिली आणि सगळं नीट ऐकून घेतलं. पिशवीवाला कसा दिसतो, कुठं उतरतो, सराफाच्या काचेवर काय लिहिलंय, डबी कुठल्या घरात गेली. म्हणाली, विकणं गुन्हा आहेच, घेणंही गुन्हा आहे, आणि आम्हाला अशी खबर कुणी देतच नाही, मावशी. लोक म्हणतात आपल्याला काय करायचंय.

चाचीनं तिला एकच गोष्ट विचारली. "नर-मादी दोघांना असत्यात का गं दात?"

"आपल्याकडच्या हत्तींत फक्त नरांना. सगळ्या नरांनाही नाही. म्हणून दात असलेलाच नर शोधून मारतात."

चाचीनं ओढणी डोक्यावर सारखी केली. तरुणपणी विधवा झालेली बाई ती. मग म्हणाली, "म्हंजी मागं ऱ्हात्यात त्या साऱ्या माझ्यासारख्या. आन् हितं त्याला सौभाग्याचा चुडा म्हनत्यात."

मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली. पर्यावरणाच्या दिवशी आमच्या गावच्या शाळेतही होतात, मोठमोठे फ्लेक्स लागतात, फ्लेक्सवर हत्तीचं कुटुंब असतं. त्या सगळ्यांनी मला जे सांगितलं नव्हतं ते या एका वाक्यानं सांगितलं.

पुढं जे व्हायचं ते झालं. पिशवीवाला एका लॉजवर मालासकट सापडला. सराफाच्या काचेवरची पाटी त्याच दिवशी संध्याकाळी गायब झाली. अंगठ्या कुठं गेल्या ते त्याचं त्याला ठाऊक. लग्नघरातून पांढऱ्या बांगड्या जप्त झाल्या. घरातले सगळे म्हणत होते आम्ही असलं काही घेतलंच नाही. तेव्हा त्या नव्या नवरीनं सगळ्यांसमोर हात पुढं केले आणि म्हणाली, ह्या मला मामींनी घातल्या. त्या पोरीला माझा नमस्कार आहे. मामाला अटक झाली.

आणि तो जामिनावर सुटून आला तेव्हा आमच्या गावानं काय केलं सांगू? सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, माइकवर नाव पुकारून, त्याला शाल आणि नारळ दिला. का? तर माणूस खचू नये म्हणून. ज्यानं हत्तीच्या मयताचे दागिने केले तो खचू नये, याची एवढी काळजी! मी मांडवातून उठून आले. माझ्या मागून अजून कुणी उठलं का, ते पाहायला मी थांबले नाही.

चाचीला मात्र कुणी बोलावलं नाही. "शुभकार्यात विघ्न आणणारी बाई," असं एकदा बोललं गेलं आणि ते सगळ्यांना सोयीचं पडलं. भाऊंनी बोलणं सोडलं. तिच्या तोंडावर कुणी काही म्हणत नव्हतं, पण ब्लाऊज शिवायला आलेल्या बाया माझ्याकडे कुजबुजायच्या. पत्र्याची भिंत पलीकडे ऐकू देते हे त्या विसरत, किंवा मुद्दामच बोलत. एक दिवस एक जण म्हणाली, "सोता बोकडं खानारी मानसं, ह्यांना हत्तीचा लई पुळका."

पत्र्यापलीकडून आवाज आला. "व्हय, खाते की. बकरं खाते आन् बकरं खाल्लं असंच सांगते. तुमच्या घरीबी बुधवार-रविवारी कुकर लागतोच, वास येतो मला. पन मी कुनाचा दात काढून त्याला लेनं म्हनत न्हाई."

बाई ब्लाऊजचं माप न देताच गेली. ती परत आली नाही, तिच्याबरोबर अजूनही काही आल्या नाहीत. मी त्यांना निरोप पाठवला नाही.

ती लग्नसराई गेली, पुढचीही गेली. त्यात भाऊंच्या धाकटीचंही लग्न झालं. मला सगळ्यात जड जायचं ते हे की, लग्नाच्या दिवसांत चाची सकाळी उठून कापडी पिशवी भरून ठेवायची. हिरव्या बांगड्या, साबणाची वडी, स्वच्छ फडकं. कुणी बोलावलं नव्हतं हे तिला माहीत असायचं. बाहेर बँड वाजला की पत्र्यावर टकटक करून विचारायची, "कुनाचं गं?" मी नाव सांगायचे. "हां, तिचा हात लई मऊ हाय. बारक्या लागतील तिला," म्हणायची. संध्याकाळी पिशवी रिकामी करून बांगड्या परत जागेवर लावायची. एकदा मी चिडून म्हटलं, कशाला भरतेस रोज? ती म्हणाली, "ऐनवेळी बोलावलं तर?"

तिनं पश्चात्तापाचा शब्द कधी काढला नाही. मी एकदा विचारलंही, की चाची, नुसतं घरी येऊन गप्प बसली असतीस तर, तक्रार केली नसतीस तर? ती म्हणाली, "मंग त्यो पिशवीवाला पुढच्या घरी गेला असता. आन् अजून एकाला मारायला लागलं असतं." आणि काचेची धूळ पुसायला लागली.

ऊसतोडीच्या बाया तेवढ्या येत राहिल्या. त्यांना मान-अपमानाच्या भानगडींशी देणंघेणं नव्हतं. उलट त्यांच्यातल्या काही जणी आता फडावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या बायांना सांगत, केसाची अंगठी घेऊ नका, आमची चाची काय म्हनती माहितीये का. हे मला त्यांनीच सांगितलं. चाची ऐकून खूष झाली. "बघ, माझं वाक्य कारखान्यापातुर गेलं," म्हणाली.

गेल्या थंडीत ती गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही म्हणून मी मागच्या दारानं आत गेले. मुलगा पुण्याहून दुपारी पोचला. ऊसतोडीच्या बाया तेव्हा लांब कुठल्यातरी कारखान्याच्या फडात होत्या. त्यांना कळवणार तरी कोण. चाचीनं भरलेल्या बांगड्या त्यांच्याच हातात होत्या, कोयत्याच्या दणक्यानं जेवढ्या उरल्या असतील तेवढ्या.

आणि गावातल्या बायका मात्र आल्या. सगळ्या आल्या. दोन सराया जिला कुणी विचारलं नव्हतं तिच्या दारात जागा पुरेना. मुलाची ती मामी नव्हती आली, पण तिच्या ओळीत मांडवात बसलेल्या बाकीच्या जणी होत्या. त्या डोळ्यांना पदर लावून सांगत होत्या, माझा चुडा हिनंच भरला होता हो, माझ्या लेकीचाही हिनंच. भाऊंची बायको सगळ्यांत मोठ्यानं रडत होती.

मी उंबऱ्यात उभी राहिले आणि तिला म्हणाले, "मग धाकटीच्या लग्नाला का नाही बोलावली हिला?"

सगळ्यांनी एकदमच पदर सावरले, तेव्हा त्यांच्या हातातल्या बांगड्या वाजल्या. त्यातली एकही चाचीनं भरलेली नव्हती.